बिशन चाचीचा केशरी चोला

बिशन चाची आमच्या शेजारची. मधली भिंत एकच, तिनं तवा ठेवला की मला कळायचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, थोडी जमीन होती ती बटाईनं दिलेली. तोंडानं तिखट. पण गुरुद्वाऱ्यापुढच्या निशाणसाहेबाचा, म्हणजे झेंड्याच्या खांबाचा, अंगभर चढवायचा चोला तीच शिवायची, लग्न होऊन आली तेव्हापासनं. वैशाखीला तो उंच खांब खाली घेतात, दूध-पाण्यानं धुतात, जुनं केशरी कापड उतरवून नवं चढवतात. ते नवं तिच्या हातचं. न्हाऊन, डोक्यावर ओढणी घेऊन शिवायला बसायची, तोंडात वाहेगुरू वाहेगुरू. मग म्हशीनं दावं तोडलं तरी उठायची नाही. मीच धावायचे.

पुढं नजर मंदावली. सुईत दोरा मी ओवून द्यायला लागले. तिचा पुतण्या जगीर सिंग गुरुद्वाऱ्याचा प्रधान, सगळा कारभार त्याच्याकडं. तो म्हणाला, अमृतसरला तयार चोले मिळतात, कशाला डोळे फोडून घेतेस. ती ऐकेना. शेवटी म्हणाला, बरं, यंदाचा शिव, पण काही कमीजास्त झालं तर पुढच्या साली विकतचा.  त्या दिवशी चाचीकडं डाळीला फोडणी पडली नाही.

आता मापाचं सांगते. अंगणात निंबापासनं हापशापर्यंत कापड ताणलं की झालं माप, असं तिचं. त्या फाल्गुनात जुन्या लाकडी खांबाच्या जागी वैशाखीला उभा करायला लोखंडी आणला, पहिल्यापेक्षा उंच. चाचीला ठाऊक होतं. पण डोक्यात निंब नि हापसाच. मला तरी कुठं सुचलं?

वैशाखी आली. शिवारात गहू पिवळाधमक, लोकांनी पहिल्या विळ्याच्या ओंब्या आणून गुरुद्वाऱ्यात ठेवलेल्या. खालसा पंथ ह्याच दिवशी स्थापन झाला, म्हणून बायाबापड्या नवे कपडे घालून आलेल्या. जुना खांब उतरवला, नवा आडवा ठेवून धुतला. वरनं चोला चढवत आणला, तर खाली पुरुषभर खांब उघडाच. ढोलवाल्यानं हात थांबवला. उघडा खांब उभा करत नाहीत, नि उतरवलेला चोला परत चढवत नाहीत. चाची चाचपत पुढं आली. हाताला गार लोखंड लागलं.

"जगीरा, तुझंच खरं झालं," ती म्हणाली. "पुढच्या साली विकतचा आण. पण आजचं काय करायचं?"

जगीर घरी गेला. दुपारच्या जत्रेला बांधायला त्यानं नवी केशरी पगडी आणलेली, घडीसुद्धा न मोडलेली. ती आणून चाचीच्या मांडीवर ठेवली.

"शिव," एवढंच म्हणाला.

मी दोरा ओवला. चाची खांबाशेजारीच बसून शिवायला लागली. सगळं गाव बसून राहिलं, लंगरच्या पंगतीसुद्धा थांबल्या. मागनं कुणीतरी म्हणालं, "प्रधानजी, जत्रेला डोक्यावर काय, टोपलं?"

"कालचीच बांधीन. माझ्याकडं कोण बघतंय तरी," जगीर म्हणाला.

खांब उभा राहिला. जोडाखालचा रंग जरा गडद, वर्षभर तसाच दिसायचा.

पुढच्या फाल्गुनात जगीर आला. खांबाच्या मापाची दोरी त्यानं चाचीच्या भिंतीवर ठेवली.

"चाची, ह्या मापानं काप. निंबाला विचारू नकोस."

चाचीनं दोरी ओढून घेतली नि म्हणाली, बस, चहा टाकते.