काकूंनी ब्रेक दाबलाच नव्हता

आत्ताच शोरूममधून घरी आले, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी परभणीत गाड्या विकते. पुढच्या गाडीशी अंतर राखणारी, वेळ पडली तर स्वतः ब्रेक लावणारी नवी गाडी आली, तेव्हा मालक म्हणाले होते, "ही पुण्यात खपंल, इथं कोण विचारतंय?"

आज गंगाखेडचे एक निवृत्त शिक्षक पत्नीला घेऊन आले. सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी चालवून बघायला काकू बसल्या. लायसन्स होतं, पण भीतीपायी त्यांनी कित्येक वर्षं स्टीअरिंग धरलं नव्हतं. आधी मोकळ्या मैदानात हात बसवला, मग आम्ही गंगाखेड रोडला लागलो.

पुढचा उसाचा ट्रॅक्टर अचानक थांबला. काकूंचा पाय हलायच्या आत आमची गाडीही थांबली.

"मी न्हाई दाबला ब्रेक," काकू म्हणाल्या.

"गाडीनंच लावला. पण काकू, लक्ष तुमचंच पाहिजे. सगळं स्वतः बघणारी गाडी अजून आपल्याकडं यायची हाय."

"लक्ष द्यायला मी हायच की."

आणि त्या निघाल्या. परत वळायची जागा मागे गेली. मागून सर म्हणाले, "अगं, फिरायचं न्हाई का?"

"थांबा जरा. लय दिवसांनी चालवायलेय."

संध्याकाळी गाडी बुक झाली, काकूंच्या नावावर.

मला वाटायचं, असल्या गाड्यांचं गिऱ्हाईक म्हणजे हौशी तरुण पोरं. पण भीतीनं गाडी सोडलेली माणसं आपल्या जिल्ह्यात किती असतील! तुमच्या घरात लायसन्स कपाटात ठेवून शेजारच्या सीटवर कोण बसतंय?