तटस्थ देशांवर चालून जाणारे आतोबा

कुणाच्याही घरी पाण्याचा पेला हातात पडायच्या आत शेजारच्या तटस्थ देशावर सैन्य कसं घालावं हे सांगायला लागणारा मनुष्य या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो मनुष्य म्हणजे माझ्या बायकोचे आतोबा. साताऱ्याच्या पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. अंगानं काडी, आवाजानं सौम्य, समोरून सायकल आली की ती जाईपर्यंत गवतात उभे राहणारे. दर उन्हाळ्यात व्हिसाचे तीन महिने ते आणि आत्या नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी लेकीकडे येतात. तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. पहिल्या वर्षी त्यांनी इतर वडीलधारे करतात तेच केलं, म्हणजे कालव्याकाठी फिरले, बदकं मोजली आणि "इथे माणसं कुठे गेली सगळी?" असं विचारून घेतलं. दुसऱ्या वर्षी जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना ब्राबांट प्रांताचा एक जुना लष्करी नकाशा सापडला, आणि तिथून आमच्या कुटुंबाची शांतता संपली.

आतोबांना लढायांत मुळीच रस नाही. तोफा, रणगाडे, शौर्य हे सगळं त्यांच्या लेखी नंतरची हमाली. त्यांना वेड आहे ते आधीच्या कागदाचं. "लढाई काय, कुणीही करतं, जावईबापू," ते मला म्हणत. "पण विचार करा, ज्या देशाशी भांडण नाही, तंटा नाही, जो म्हणतोय की बाबांनो मला तुमच्यात ओढू नका, त्या देशाचा कुठला पूल पहाटे किती वाजता घ्यायचा हे दुसऱ्या महायुद्धात बर्लिनच्या कचेरीत बसून काही माणसं महिनोन् महिने पेन्सिलीनं आखत होती! काय सफाई असेल हो त्या रेषांची!" शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज एखाद्या गवयाचं नाव घ्यावं तसा व्हायचा आणि हात नकळत कानाच्या पाळीकडे जायचा. तटस्थ या शब्दाची त्यांची व्याख्याही तयार होती. "तटस्थ म्हणजे काय? दाराला कडी नाही, नुसती 'आत येऊ नये' अशी पाटी." यावर आत्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "ह्यांना दारातलं मांजर हाकलता येत नाही, आणि निघालेत बेल्जियम घ्यायला!"

पण आतोबा बेल्जियम घेतच. एकदा टिलबर्गला एका मित्राकडे सत्यनारायणाला गेलो होतो. प्रसादाच्या ताटात त्यांनी भाताचं मैदान सपाट केलं, त्यावर वरण सोडलं आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांना समजावलं, की शत्रू आला की हे डच लोक स्वतःच्याच शेतात असं पाणी सोडत, तेव्हा चढाई करणाऱ्यानं आधी ही कोशिंबिरीची बाजू घ्यायला हवी. गृहस्थ सॉफ्टवेअरवाले होते. ते घाबरून म्हणाले, "काका, तुम्ही घ्या ना, मला कोशिंबीर नकोच होती." हार्लेमला जाताना आगगाडी ज्या ज्या नदीवरून गेली त्या त्या पुलाकडे बोट दाखवून आतोबा मोठ्यांदा इंग्रजीत म्हणाले, "धिस वन मस्ट बी टेकन फर्स्ट." तिसऱ्या नदीला समोरच्या बाईंनी जागा बदलली.

एका दुपारी मी कामावर असताना पोलिसांचाच फोन आला. आतोबा कालव्यावरच्या पुलाची रुंदी टेपनं मोजत होते. सायकलवरून जाणाऱ्या दोन तरुण पोलिसांनी अतिशय अदबीनं विचारलं, काय चाललंय? आतोबांनी तितक्याच अदबीनं उत्तर दिलं, "इन्व्हेजन. बट डोन्ट वरी, नाइन्टीन फॉर्टी." मी पोचलो तेव्हा टेपचं दुसरं टोक एका पोलिसानं धरलं होतं.

मला वाटे, म्हातारपणी कुणाला शब्दकोडी लागतात, कुणाला अध्यात्म लागतं, यांना हे लागलं. त्यामागे आणखी काही असेल अशी शंका मला गेल्या जूनपर्यंत आली नव्हती.

जूनमध्ये माझ्या मेहुणीचा, म्हणजे आतोबांच्या लेकीचा वाढदिवस होता. डच पद्धतीनं भिंतीला टेकून खुर्च्यांचं गोल कडं केलेलं, प्रत्येकाच्या मांडीवर केकचा एक तुकडा, आणि आलेला प्रत्येक जण सगळ्यांशी हस्तांदोलन करून अभिनंदन करणार. शेजारच्या रीटबाई आल्या होत्या. वय नव्वदीच्या पुढचं, पाठ ताठ, इंग्रजीचा गंध नाही. त्यांना जागा मिळाली नेमकी आतोबांच्या शेजारी. आतोबांनी दोन मिनिटं धीर धरला आणि मग केकच्या बशा सरकवून नकाशा उघडला. "जावईबापू, भाषांतर करा." माझी डच भाषा परीक्षेपुरती, शिवाय ज्यांच्या देशावर चढाई झाली त्यांनाच ती कशी झाली हे सांगायचं म्हणजे कठीण प्रसंग. आतोबा म्हणाले, "काय सुरेख योजना होती म्हणावं," आणि मी रीटबाईंना सांगितलं, "त्यांना इतिहासाची आवड आहे." आतोबा म्हणाले, "डच शिपायांचे कपडे घालून माणसं पुलावर पाठवली, कमाल आहे!" मी म्हणालो, "त्यांना फार वाईट वाटतं."

रीटबाईंनी चष्मा लावला. बोट नकाशाच्या पूर्वेला मास नदीच्या काठाकाठानं नेलं आणि आतोबांनी लाल शाईनं काढलेल्या दोन बाणांच्या मधे ठेवलं. "इथे आमचं घर होतं," त्या म्हणाल्या. "मी सहा वर्षांची होते."

मग त्यांनी सांगितलं. आदल्या महायुद्धात जर्मन सैन्य बेल्जियममधून गेलं होतं, डचांच्या वाटेला गेलं नव्हतं, म्हणून याही वेळी तसंच होणार याबद्दल त्यांच्या वडिलांची खात्री होती. मे महिन्यातल्या त्या पहाटे ते गोठ्यात धार काढत होते. रस्त्यावर शिपाई दिसले तसे लाकडी जोडे घालून धावत गेले आणि पहिल्या अधिकाऱ्याला ओरडून म्हणाले, "अहो, वाट चुकलात! बेल्जियम तिकडे आहे!" हे सांगताना रीटबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. आम्हीही हसलो. "मग?" आतोबांनी विचारलं. "त्यांनी वडिलांना हातानं बाजूला केलं. आम्ही दिवसभर एका चरात पडून होतो. संध्याकाळी परत आलो तर घर नव्हतं. गोठाही नव्हता."

जरा वेळानं त्यांनी नकाशाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "याला विचार, त्या लोकांच्या कागदावर आमचं घर होतं का?"

हे मात्र मी जसंच्या तसं भाषांतर केलं. आतोबांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही. त्या मापाच्या नकाशावर घर येत नाही." आणि रीटबाईंकडे न बघता: "सांगा त्यांना, मला माहीत आहे, कारण मीही काढलेत तसले नकाशे. धरणाचं बुडीत क्षेत्र मी रंगवायचो. निळा रंग. एकसारखा बसला पाहिजे, डाग पडता कामा नये, असं साहेब म्हणायचे. माझा फार सुरेख बसायचा. एकदा एक बाई कचेरीत आली. म्हणाली, यात माझं घर कुठंय ते दाखवा. मी म्हणालो, बाई, या मापाला दिसत नाही."

आत्या केकची सुरी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनीही ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आतोबा कोरा ड्रॉइंग पेपर गुंडाळून रीटबाईंच्या दारात उभे राहिले. त्यानंतर रोज. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. रीटबाई एक कप कॉफी आणि एकच बिस्किट देत, डबा लगेच बंद करत, आणि आतोबा त्यांचं गाव काढत. त्या बोलत, हातवारे करत, मान हलवत. ते रबरानं खोडत. पाण्याचा पंप चर्चच्या अलीकडे की पलीकडे यावरून दोघांचं असं वाजलं की दोन दिवस बोलणं बंद. म्हणजे एरवी तरी काय बोलत होते म्हणा, पण दोन दिवस बंद. शेवटी पंप रीटबाईंच्या मनासारखा सरकला. गोठा आला, नासपतीचं झाड आलं, पाववाल्याचं दुकान आलं. गोठ्याच्या दारात, मापाचे सगळे नियम मोडून, लाकडी जोड्यातला एक माणूसही आला. व्हिसा संपायच्या आदल्या दिवशी आतोबांनी कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण काढला आणि कागद त्यांच्या हातात दिला. रीटबाईंनी त्या दिवशी बिस्किटांचा डबा बंद केला नाही.

हिवाळ्यात रीटबाई वृद्धाश्रमात राहायला गेल्या. खोली लहान, त्यामुळे सामान जवळपास सगळं देऊन टाकलं. पलंगासमोरच्या भिंतीवर आतोबांचा नकाशा तेवढा आहे. मी अधूनमधून जातो. त्या मला नव्या नर्सबाईंना नकाशा समजावून सांगायला लावतात आणि मधेच माझ्या चुका काढतात.

आतोबा या उन्हाळ्यात आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, सवड नाही. धरणात गेलेल्या त्या गावची माणसं आता तीन ठिकाणी विखुरली आहेत. हे एसटीनं एकेका वस्तीवर जातात, ओसरीवर कागद पसरतात आणि विचारतात, तुमचं घर कुठे होतं? सुरुवातीला लोकांना वाटलं, सरकारी माणूस पुन्हा काही घ्यायला आला. आता चहा मिळतो.

"कचेरीत आलेल्या त्या बाई भेटल्या का हो?" मी विचारलं.

"नाही. नावच विचारलं नव्हतं ना तेव्हा," आतोबा म्हणाले. "ओढ्याच्या वरच्या अंगाला एका घराचं कुणालाच आठवत नाही. त्यांचंच असेल असं नाही. पण तेवढी जागा मी रंगवलेली नाही."

मग त्यांनी रीटबाईंची तब्येत विचारली, आणि रोज बिस्किट एकच मिळतं का, तेही विचारून घेतलं.