मिरचीचा हंगाम सरल्यावर

सत्तरच्या दशकात आई नागपुरात एका व्यापाऱ्याच्या गोदामात भिवापुरी मिरचीचे देठ खुडत असे. हंगामात तिथल्या साऱ्याच बायकांचे डोळे लाल असत, त्यामुळे तिचेही लाल डोळे आम्हांला कधी वेगळे वाटले नाहीत. एका वर्षी हंगाम सरला, इतरांचे डोळे निवळले; आईचे तसेच राहिले. उजेड सोसवेना म्हणून ती पदर डोळ्यांवर ओढून बसे.

"काहून वं, नव्या नवरीवानी पदर घेऊन राहिली?" शेजारीण म्हणाली.

"मिरची मुरली माह्या डोळ्यांत," आई म्हणाली. आम्ही सारेच हसलो.

दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, दोष मिरचीचा नाही. रोगांपासून राखणारी शरीराची शक्तीच तिच्या डोळ्यांना परके समजून आतून पोखरते आहे. औषधाने लाली गेली, दृष्टी परतली नाही.

आई पुढेही चाचपून देठ खुडत राहिली. संध्याकाळी तिला आणायला गेलो की इतर बायकांसारखेच तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहताना दिसे. त्या डोळ्यांना तेवढेच काम उरले होते, आणि ते पाहत मला तिथे उभे राहवत नसे.