चौदाव्या मजल्यावरचं पान

मालन धुरीच्या दारातून कुणी उपाशी परतलंय, असं मरोळच्या त्या चाळीतल्या कुणालाही आठवत नाही. मीटर बघायला आलेला माणूस घावण्याचा तुकडा तोंडात धरूनच पुढच्या खोलीकडे जायचा. नवऱ्याशी भांडून आलेली शेजारीण आधी जेवायची, मग रडायची. ऑफिसच्या कँटीनमध्ये सकाळभर चपात्या लाटून आलेली ही बाई घरी येऊन पुन्हा पीठ मळायला बसायची, कारण कुणीतरी येईलच. चाळ पाडून तिथं इमारत उभी राहिली, धुरी चौदाव्या मजल्यावर गेले, तरी तिची खोड गेली नाही. येणारे मात्र कमी झाले. लिफ्टची वाट बघून सहज म्हणून कोण येतं?

कावळेही येत नाहीत, हे तिला पितृपक्षात, यंदाच्या म्हाळाला कळलं.

निलेश जाऊन दोन वर्षं झाली होती. एकुलता झील, एकच मुलगा, तिशीही गाठली नव्हती, काविळीनं गेला. गेल्या वर्षी त्याचा म्हाळ गावी भावकीबरोबर घातला. यंदा तिच्या नवऱ्याचे, दशरथचे गुडघे एवढा प्रवास करायला तयार नव्हते, म्हणून पान इथंच वाढायचं ठरलं. मालननं पहाटे उठून वडे तळले, काळ्या वाटाण्याची आमटी केली, भोपळ्याची भाजी, खीर, भात. केळीच्या पानाच्या तुकड्यावर सगळं वाढून तिनं खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये ठेवलं. दशरथनं हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, आज तुझा पान वाढला हा. काय चुकला-माकला असात तर पदरात घे, नि येवन जेवन जा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मालन म्हणाली. प्रांजल, त्यांची मुलगी, मोबाईल बाजूला ठेवून पुटपुटली.

आणि मग कुणीच आलं नाही. खाली, दूर, झाडांवर कावळे दिसत होते. वर एकही फिरकेना. कावळा पानाला शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, हा नेम. ऊन वर चढलं, खिरीवर साय धरली.

"आई, पप्पांची शुगर आहे," प्रांजल म्हणाली. "पान गायीला घालू ना. चालतं तसं."

"गाय खंय गो हंयसर? लिफ्टीन येतली?"

"मग मी खाली जाऊन ठेवते."

"गप. तो येतलो."

मालननं ग्रिलला डोकं टेकलं. काय राहिलं असेल त्याचं, ते ती मनात शोधत होती. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी अडलंय. काय अडलंय ते तिला ठाऊक होतं. पण ते तोंडातून काढायची तिची छाती नव्हती.

तेवढ्यात ग्रिलवर काहीतरी धडकलं. करड्या रंगाचं, साळुंकीएवढं पाखरू. गालावर नारिंगी ठिपका, आणि डोक्यावर फिक्या पिवळ्या पिसांचा उभा तुरा. धापा टाकत ते पानाच्या कडेला बसलं, मान तिरकी करून मालनकडे बघितलं आणि भाताची शितं टिपायला लागलं.

"कॉकाटील आहे, पाळायचा पोपट," प्रांजल म्हणाली. "कुणाच्या तरी घरातला सुटलाय."

मालनला ते ऐकूच गेलं नाही. ती तुऱ्याकडे बघत होती. निलेश जेल लावून केस असेच उभे करायचा, पुढची बट पिवळी रंगवून घेतलेली. "डोक्यार कोंबडो घेवन खंय चल्लंस?" असं ती रोज विचारायची, आणि तो हसत जिना उतरायचा.

"ओ," ती दशरथला म्हणाली, आवाज अगदी बारीक. "बघलात? जेवता हा तो."

दशरथनं आपलं ताट पुढं ओढलं.

पाखरू घरात आलं ते असं. उलटी घातलेली जाळीची मोठी टोपली हे त्याचं घर झालं. मालन त्याला निलेश म्हणायची नाही, एवढं भान तिला होतं. ती त्याला "बाळा" म्हणायची. पण बाळाला काय द्यायचं ते ठरलेलंच होतं. सकाळी चहात बुडवलेली खारी, कारण निलेशला त्याशिवाय उठवत नव्हतं. दुपारी वरणभात, वर तूप. रविवारी तळलेल्या बोंबलाची कुरकुरीत कड. बोंबील त्यानं चोचीत घेऊन टाकून दिला. खारी मात्र पहिल्याच सकाळी चवीनं खाल्ली. त्यादिवशी मालन कँटीनमध्ये चपात्या लाटताना गुणगुणत होती म्हणतात.

"आई, त्यांना कांग, राळं असलं बारीक धान्य लागतं. हिरवा पाला लागतो. मी बघितलं नेटवर," प्रांजलनं सांगून बघितलं.

"तुझ्या नेटवाल्याक सांग, माका पोरां वाढवूक शिकव नको."

"आणि खिडकी उघड ना थोडी. ऊन तरी लागू दे त्याला."

"खिडकी उघडूची नाय." हे ती अशी म्हणाली की प्रांजलनं कडीवरचा हात काढून घेतला.

तीनेक दिवसांनी बेल वाजली. दारात आयडा. इमारतीमागच्या गावठणातली, विहिरीच्या घरातली आयडाबाय. चाळीला पाणी नसायचं तेव्हा सगळ्या बायका हंडे घेऊन तिच्याच अंगणात जायच्या, आणि ही कुणाला नाही म्हणायची नाही. मालनची आणि तिची ओळख त्या विहिरीच्या काठावरची. आता ती धापा टाकत उभी होती, हातात मोबाईल.

"सगले मजले फिरते मी. माझी राणी उडाली गं. माझ्या मर्विनने दुबईला जाताना दिलेली, पाच वर्सं झाली. जाळीचं दार उघडं राहिलं. ह्या बाजूला आली असं एक वॉचमन बोलला. बघ, हा फोटो."

मालननं फोटो बघितला. करडं अंग, नारिंगी ठिपका, तुरा.

"नाय गो," ती म्हणाली. "एवढ्या वर कोण येता?"

स्वयंपाकघरातून बारीक चिवचिव आली. आयडानं मान वळवली.

"पंखो," मालन म्हणाली. "तेल घालूक होया. ये, बस. चाय घेतंस? साखर कितकी?"

आयडा बसली, चहा प्यायली, दोन नानकटाया खाल्ल्या, आपली राणी कशी खांद्यावर बसून टीव्ही बघायची ते सांगितलं, पदरानं डोळे पुसले आणि गेली. जाताना प्रांजलच्या हातात एक कागद देऊन गेली. फोटो आणि फोन नंबर.

दार लागल्यावर प्रांजल आईकडे नुसती बघत राहिली.

"असा काय बघतंस? तिचो झील दुबईत हा. फोन केलो तर बोलता. माझो खंय हा?"

"आई, तो पक्षी आहे."

"मगे पान कित्याक खाल्ल्यान? तिच्या घरात अन्न नव्हता?"

प्रांजलनं तो कागद घडी करून मोबाईलच्या कव्हरात ठेवला. भाऊ तिचाही होता.

सर्वपित्री दोन-तीन दिवसांवर आली आणि बाळाचं खाणं सुटलं. पिसं फुगवून टोपलीखाली जमिनीवर बसून राहिलं. शेपूट श्वासाबरोबर खालीवर हलत होतं. खारी पुढं केली तर डोळे मिटले. मालननं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. गूळपाणी करून चमच्यानं पाजायला गेली, ते चोचीवरून ओघळलं. संध्याकाळी तुराही आडवा झाला होता.

"डॉक्टरकडे नेऊ या," प्रांजल म्हणाली. "अंधेरी वेस्टला पक्ष्यांचा डॉक्टर आहे."

"दिष्ट लागली हा. आयडाची. आता उतरवलंय, उतारतली." डॉक्टरकडे गेलं की कुणाचं, कुठून आणलं, हे निघणार होतं. ते तिला दिसत होतं. "उद्यापर्यंत बघूया."

खुर्चीत गुडघ्यांना तेल चोळत बसलेला दशरथ थांबला. गिरणी बंद पडल्यापासून हा माणूस कमीच बोलायचा, आणि निलेशनंतर जवळजवळ नाहीच.

"तेवाय तू उद्या म्हटलंस," तो म्हणाला.

निलेशचे डोळे पिवळे झाले तेव्हा मालननं गावाहून काविळीची मुळी मागवली होती. सकाळी अनशापोटी ताकातून. हॉस्पिटलात नेऊ या असं दशरथ म्हणाला, तर उतार पडतोय, उद्या बघूया, असं तिनंच सांगितलं होतं. एकदा नव्हे. पोरगा बेशुद्ध पडला तेव्हा रिक्षा आणली. दोन वर्षांत ह्या घरात ती गोष्ट कुणी उच्चारली नव्हती.

मालन उठली. तिनं बुटांचा खोका रिकामा केला, त्यात आपला जुना परकर दुमडून घातला आणि पाखरू उचलून आत ठेवलं. पिसांचा नुसता गोळा, हातात काही वजनच लागेना.

"रिक्षा बघ," ती प्रांजलला म्हणाली.

डॉक्टरीणबाई प्रांजलच्याच वयाची होती. तिनं दोन बोटांनी पोट चाचपलं.

"अंडं अडकलंय."

"कसला अंडा?"

"हिचं. मादी आहे ना. काय खायला देता?"

मालननं सांगितलं. खारी म्हणताना तिचा आवाज खाली गेला. डॉक्टरीणबाई रागावली नाही, तिनं फक्त प्रांजलकडे बघितलं. "कॅल्शियम नाही, ऊन नाही. अंडं बाहेर ढकलायला ताकद कुठून येणार? इंजेक्शन देते, उबेत ठेवते. वय किती हिचं? आधी अंडी घातली होती? तेव्हा कधी अडकलं होतं? मला हे कळायला हवं, त्यावर पुढचं ठरेल. पक्षी तुमचाच ना?"

मालन खोक्याकडे बघत होती. ती मादी आहे, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. इतके दिवस बाळा, बाळा करून आपण हाक मारली, आणि हे बिचारं पोटात अंडं घेऊन बसलं होतं. कुणाला सांगणार होतं ते?

"आमचा नाय," ती म्हणाली. मग प्रांजलला, "लाव तिका फोन."

"तू बोल."

मालननं फोन कानाला लावला. "आयडाबाय, मालन बोलतंय. तुझी राणी माझ्याकडे हा. आजारी हा. आधी डॉक्टरांका काय ता सांग, मगे माका काय ता बोल."

फोन डॉक्टरीणबाईकडे गेला. पलीकडून आयडा काय ते भराभरा सांगत होती. गेल्या पावसात एक अंडं असंच अडकलेलं. कुठलं औषध दिलेलं, तेही तिला पाठ होतं. डॉक्टरीणबाई "हं, हं" करत आत गेली आणि दार लावून घेतलं.

आयडा आली तेव्हा अंडं बाहेर पडलं होतं. पाखरू दिव्याखाली एका अंगावर कलंडून होतं. जगेल असं वाटतंय, पण आज इथंच राहू द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. आयडानं काचेतून बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि बाकावर मालनशेजारी बसली.

"शिव्या घाल," मालन म्हणाली.

"शिव्या काय घालू? माझी पोर आत कोंडलेली, आणि तू मला साखर किती विचारतेस. तो चहा मी प्याली. त्याचं मला लय लागलंय, मालन."

"सांगला असतंय तर तू व्हरून गेली असतंस."

"नेलीच असती. माझी हाय ती."

मालननं मग पानाचं सांगितलं. कावळा आला नाही, ही आली, तुरा निलेशसारखा. बोलताना तिला स्वतःचंच बोलणं कुणा तिसऱ्याचं वाटत होतं. आयडा पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"तुझा निलेश माझ्या विहिरीत उड्या मारायचा," ती शेवटी म्हणाली. "एकदा पायरीवर डोकं फुटलं, तर हळद मीच लावली. घरी सांगू नको बोलला. तू लगेच जेव, जेव करत मागे लागशील, म्हणून." ती उठली. "कावळे माझ्या पत्र्यावर बसतात, ढिगानं. पान ठेवायचं तर विहिरीवर येऊन ठेव. पण घरात येऊ नको. एवढ्यात तरी नको."

सर्वपित्रीला मालन पान घेऊन खाली उतरली. मागून दशरथ, काठी टेकत. आयडाचं दार बंद होतं. राणी घरी आली होती, अशक्त होती, एवढं प्रांजलला फोनवर कळलं होतं. विहिरीच्या कठड्यावर मालननं पान मांडलं. वडे, भात, खीर. पत्र्यावर कावळे होते. माना वाकड्या करून ते बघत होते, पण एकही खाली येईना.

दशरथनं गाऱ्हाण्यासाठी हात जोडले. मालननं त्याला हातानंच थांबवलं.

"निलेशा," ती म्हणाली. विहिरीत डोकावून बोलत असल्यासारखी ती वाकली होती. "मिया उद्या म्हटलंय. बापूस तुझो तेव्हाच नेतलो होतो, मिया नेवक दिलंय नाय. माका वाटला, माझ्या हातचा खाशीत नि बरो होशीत. चुकला माझा." तिनं पदर सारखा केला. "आता ये नायतर नको येव. तुझी मर्जी."

बंद दारामागून बारीक चिवचिव आली. मालनचे पाय थबकले. मग ती वळली आणि मागं न बघता फाटकाबाहेर पडली. पाठीमागं पंखांची फडफड झाली. एका कावळ्याची होती की सगळे उडून गेल्याची, ते तिला कळलं नाही.

दशरथ गुडघ्यांमुळे मागं राहिला होता. लिफ्टपाशी तो तिला गाठेपर्यंत ती दार धरून उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलं, मागं काय बघितलं ते सांगायला तोंड उघडलं. तिनं चौदाचं बटण दाबलं.

वर आल्यावर तिनं खिडकी सताड उघडली, आणि काही न विचारता दशरथचं ताट वाढलं.