हनीफमामूंचा कान

हनीफमामू गाडीच्या टाकीतला पेट्रोलचा पंप तपासायला बसले की गल्लीत कर्फ्यू लागायचा. आधी गॅरेजमधला रेडिओ बंद. मग गिऱ्हाइकाचा मोबाइल. समोरच्या रसवाल्यालाही हात दाखवून मशीन थांबवायला लावायचे. मग मामू गाडीची मागची सीट उचलून आत पालथे पडणार, कान खालच्या पत्र्याला, डोळे मिटलेले, एक बोट वर. "चाबी!"

चावी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो. झूंऽऽ, टक. तेवढ्यात मामूंचा निकाल तयार. "जिंदा है" किंवा "गया बेचारा." दुसरी कुठलीच तपासणी नाही. बावीस वर्षं गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत हेच चाललंय. मी त्यांची भाची. त्यांचं ते "गया बेचारा" मी इतकं हुबेहूब काढते की मुमानी, म्हणजे माझी मामी, ओढणी तोंडात कोंबून हसते.

मार्चमध्ये पिंपळगावहून धनराजभाऊंची व्हॅन टोचन करून आली. ते द्राक्षांच्या पॅकहाउसवर बायकांची ने-आण करतात.

"चाचा, सेल लय मारला. नुसती खर्रखर्र करती, उचलत नाय. चौदा बाया ताटकळल्यात तिकडं."

कर्फ्यू लागला. मामू पालथे पडले. "चाबी!" बोट खाली आलं.

"गया बेचारा."

"काल तर चांगला पळत होता की!"

"अरे भाऊ, हार्ट अटॅक काय अपॉइंटमेंट घेऊन येतो?"

नवा पंप मागवला. टाकीवरचं झाकण उघडलं, पाइप काढला, जुना बाहेर, नवा आत. पुन्हा "चाबी!" झाकण अजून उघडंच होतं, त्यामुळे आवाज चांगला खणखणीत आला. झूंऽऽ, टक.

मामूंनी डोळे उघडले. "हाही मेलेला."

मला वाटलं, मस्करी करतायत. हसायला तोंड उघडलंसुद्धा. पण मामूंनी स्पेअरपार्टच्या दुकानात फोन लावला होता. "नौशादभाई, मुर्दे विकायला कधीपासून सुरुवात केली?"

"चाचा," धनराजभाऊ म्हणाले, "वाजला की!"

"काय वाजलं?"

"पंप. मी चावीपाशी होतो, तरी ऐकला."

मामू माझ्याकडे वळले. "इन्शा? वाजला?"

एरवी मी कुकरपासून कलेक्टरपर्यंत कुणाचाही आवाज काढते. तेव्हा माझाच फुटेना. मी नुसती 'हो' अशी मान हलवली.

मामूंनी फोन मध्येच ठेवला. जुना पंप पुसला, पेट्रोलचा वास उडेपर्यंत थांबले, मग बाहेर ओट्यावर नेऊन क्षणभर बॅटरीला लावला. पंप त्यांच्या तळहातात थरथरला. मी ऐकत होते, मामू नुसते बघत होते.

माझ्या मामेभावाने, फराजदादाने, वर्षभरापूर्वी आणलेलं प्रेशरचं मीटर अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. ती पिशवी आज फुटली. मामूंनी जुना पंप परत बसवून मीटर जोडलं. काटा पाहिजे तिथे जाऊन थांबला. पंपाला काहीच झालं नव्हतं. मग इंजिनाखाली हात घातला, तर सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली! द्राक्षाच्या शेडमध्ये उभी राहणारी गाडी, उंदीर असणारच. मामूंनी तिथे बघितलंच नव्हतं. वायर जोडली आणि व्हॅन एका सेलमध्ये सुरू.

"पंप चांगला होता, धनराजभाऊ. मला ऐकू आला नाही," मामू म्हणाले. "चालायचंच, चाचा," म्हणून धनराजभाऊ घाईने गेले.

तेवढ्यात सुरय्यामुमानी "जेवून घ्या!" असं ओरडतच डबा घेऊन आली. मामूंनी विचारलं, "तू माझ्याशी एवढी मोठ्याने का बोलतेस गं?"

"का म्हणजे? हळू बोलले तर तुम्ही ओ देत नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली की. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मामू ओट्यावरच बसले. डबा उघडलाच नाही. मग उठून कोपऱ्यातली पत्र्याची पेटी ओढली. पंप बदलला की जुना त्या पेटीत जातो, गाडीच्या नंबराची चिठ्ठी बांधून, म्हणजे कुणी "बदललाच नाही" म्हणायला नको. दिवाळीत भंगारवाला नेतो. आत्ता सोळा होते.

"मी लावतो. तू सांग," मामू म्हणाले.

पहिला गप्प. दुसरा गप्प. माझी भीती जरा कमी झाली. तिसरा: झूंऽऽ.

"बोल."

"वाजतोय, मामू."

त्यांनी तो वेगळा ठेवला. शेवटपर्यंत असे पाच निघाले. पाच गाड्यांचे धडधाकट पंप मामूंनी "गया बेचारा" म्हणून बाहेर काढले होते. मग गाड्या सुरू कशा झाल्या? सगळं काढताना-बसवताना एखादी सैल पिन घट्ट झाली असेल, मामू पुटपुटले.

मामूंनी पहिली चिठ्ठी वाचली आणि फोन लावला. "छायामॅडम, हनीफ गॅरेजवाला बोलतोय. थंडीत तुमच्या गाडीचा पंप बदलला होता बघा. तो चांगला होता. माझी चूक झाली."

मामूंनी फोन आपल्या कानापासून काढून माझ्या कानाला लावला.

"बोलतायत का?"

"नाही, मामू," मी म्हणाले. "अजून नाही."