आबांचं पुरं झालेलं गाणं

जगातली सगळी गाणी अर्धवटच असतात, लोक ती पुरी झाली असं समजून उगाच वाजवत सुटतात, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. वडगाव निंबाळकरला भाजीच्या शेडात कामाला लागलो तेव्हा आबांच्या गोठ्याशेजारची पत्र्याची खोली मला मिळाली. मी यवतमाळकडचा, आठवीतून शाळा सोडलेला, आणि मालक कधी खोली खाली करायला सांगतील या धास्तीनं दारसुद्धा हळू लावणारा. आबांनी मात्र पहिल्याच संध्याकाळी मला चहाला बोलावलं, आणि चहा निवेपर्यंत आपली तीन गाणी ऐकवली. तिन्ही मधेच थांबली. "पुढं अजून उगवायचंय," आबा म्हणाले.

दिवसा टोमॅटो आणि कोबी, संध्याकाळी कम्प्युटर, असा त्यांचा रिवाज. मुलगा नोकरीला लांब गेला आणि त्याचा कम्प्युटर मागच्या खोलीत राहिला, त्यावर आबा आपले आपणच गाणं करायला शिकले. पडद्यावर एकेका आवाजाची पट्टी एकाखाली एक दिसते. ढोलकीची एक, पेटीची एक, गळ्याची एक. आबा त्यांना वाफे म्हणत. ढोलकीच्या वाफ्यात पाणी जास्त झालंय, पेटीचा वाफा कोरडा पडलाय, अशी त्यांची भाषा. गायचं असलं की दोन खाटा उभ्या करून त्यावर गोधड्या टांगत आणि माइक घेऊन आत शिरत. बाहेर आल्यावर माणूस मळणीवरून आल्यासारखा घामानं निथळत असे. तेवढा वेळ घरात फोडणी द्यायला बंदी. एकदा आबांची बायको, म्हणजे आमच्या काकू, विसरल्या आणि चर्र असा आवाज गाण्यात शिरला. आम्हाला वाटलं, आता भांडण. पण आबांनी तो आवाज ऐकला, परत ऐकला, आणि झांजेच्या जागी तोच ठेवला. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी माइक घेऊन बसले आणि काकूंना म्हणाले, जरा मोहरी जास्त टाक.

गाणं नीट झालं की नाही हे बघायची जागा त्यांच्या मते एकच, चालता ट्रॅक्टर. इकडं ऊस वाहणारे ट्रॅक्टर स्पीकर लावूनच हिंडतात, तेव्हा इंजिनाच्या वर जे ऐकू येतं तेच गाणं, बाकी सगळी कुजबुज. आबा मला शेजारी बसवून बांधापर्यंत जात, येताना कपाळाला आठी. काहीतरी बुजलेलं असायचंच. मग परत वाफे उकरायचे.

अखेर काकूंचा धीर सुटला. जत्रेपर्यंत एक गाणं पुरं करून मांडवात वाजवा, नाहीतर कम्प्युटर माळ्यावर आणि त्या खोलीत कांदा, असं त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं. आबांचा घास हातातच राहिला. काकू बोललेलं करतात हे गोठ्यातल्या म्हशींनाही माहीत होतं.

आबांनी देवाचं गाणं घेतलं. गळा त्यांचा, पण मागे ओळ धरणारे झिलकरी हवे होते, आणि गावातले सगळे भजनकरी त्यांच्या गोधड्यांना भिऊन होते. उरलो मी. आबांनी मला कधी माइकजवळ, कधी भिंतीकडे तोंड करून, कधी दारात उभं करून तीच ओळ म्हणायला लावली आणि सगळे आवाज एकावर एक रचले. ऐकलं तर अख्खी भजनी मंडळी गात होती. सगळी माणसं मीच होतो.

"बघा पाव्हणं, एकटं आलासा, आता केवढं खटलं झालं तुमचं," आबा म्हणाले.

मग ट्रॅक्टरवर फेऱ्या. दर वेळी इंजिन झिलकऱ्यांना गिळे, दर वेळी आबा माझा वाफा वाढवत. जत्रेच्या सकाळी ट्रॅक्टरवर गाणं एकदाचं जमलं, आणि संध्याकाळी ते मांडवात लागलं. पण मांडवात इंजिन कुठलं असायला? मोठ्या स्पीकरांतून माझं खटलं असं काही कोसळलं, की आबांचा गळा कुठल्या कुठे बुडाला. लोक टाळ्या वाजवून साथ देत होते. मी मांडवाच्या खांबाआड सरकलो. मालकाचं आयुष्यातलं एकमेव पुरं झालेलं गाणं आणि त्यात मालकच नाही. आता कांदा आत जायच्या आधी मीच बाहेर.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. "गाणं झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या, "पण तुमी कुठं हाय ह्यात?"

आबा मान तिरकी करून उभे होते. हाय की खाली, एवढंच बोलले.

काकूंनी कांदा गोठ्याच्या छपराखाली टाकला. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आबा, माझा आवाज कमी करा, तुमचा वर घ्या, दोन मिनिटांचं काम आहे, असं म्हणालो. त्या जत्रेआधी जन्मात एकही गाणं हातावेगळं न केलेल्या त्या माणसानं कम्प्युटरवर हात ठेवला आणि परत काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. माजा आवाज काय, घरात रोजच हाय. तुमी जाणार की कवातरी."

मी आता इंदापूरला असतो.