मातीचा गोळा आणि आमचे इंटरव्ह्यू

बी.एड.वाले एका खोलीत जमले की अभ्यास राहतो बाजूला आणि इंटरव्ह्यूत आपटल्याचे किस्सेच निघतात! पुंडलिकनगरात माझ्या खोलीवर संतोष, शकीला आणि मी रोज बसायचो. शकीलाला घरून शेवटचा चान्स होता. यंदा नाही जमलं तर उस्मानपुऱ्यात भावाच्या कपड्याच्या दुकानात बसायचं. ती म्हणायची, "बसतेय मी! गणिताची टीचर होऊनच दाखवते."

*

पहिला आपटला संतोष, देवगाव रंगारीचा. "तुमचं शिक्षणाचं तत्त्वज्ञान काय?" विचारल्यावर त्यानं गाईडमधलं घडाघडा म्हटलं, "मूल म्हणजे मातीचा गोळा, शिक्षक म्हणजे कुंभार."

मेंबर म्हणाले, "सकाळपासून लई मडकी झाली हो. दुसरं काही करता का?"

"व्हय सर, शेती करतो!"

*

मी शहाणी. म्हटलं, कुंभार नको, माळी सांगू. "मुलं म्हणजे रोपटी," मी सुरू केलं.

मॅडमनी विचारलं, "एका रोपट्यानं दुसऱ्याला पेन्सिल टोचली तर?"

"कुंडी बदलीन!"

अजून आठवलं की लाज वाटते.

*

संतोषचा पुढचा इंटरव्ह्यू. "पोरगं ऐकत नसेल तर?"

"प्रेमानं समजावतो."

"तरी नाही ऐकलं तर?"

"पुन्हा प्रेमानं."

"आणि तरीही?"

"ओ सर, किती वेळा सांगायचं तुम्हाला!"

हे ऐकून शकीलानं गाईड मिटलं. गल्लीतल्या पोरांची शिकवणी घ्यायची ती. "यार, तिथं मी जे करते, तेच इथं करणार."

*

तिच्या इंटरव्ह्यूला मी सोबत गेले. दार उघडंच होतं, बाहेर बाकावरून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

चेअरमनसाहेब कडक आवाजात म्हणाले, "ज्या पोराला उत्तर येत नाही, त्याचं काय कराल?"

शकीला म्हणाली, "सर, सतरा नवे किती?"

साहेब छताकडे बघायला लागले. शेजारचे मेंबर हसले आणि सांगायला गेले, तशी शकीलानं हात वर केला. "थांबा. सरांना येतंय."

साहेबांची बोटं टेबलाखाली चालली होती. शकीलाचा हात अजून वरच. मी बाहेर ओढणीचं टोक चावत बसलेले.

"एकशे... एकशे त्रेपन्न!"

"शाब्बास!"

साहेब खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, "अजून एक विचारा."